कल्लाप्पाचा डावा मोजा

"उद्या रेडिओवर माझ्याबद्दल बोलणार आहेस ना?" कॅलमनं विचारलं.

माझी त्याच्याकडे पाठ होती म्हणून निभावलं. तव्यावरचं धपाटं उलथता उलथता मी नुसतं "हो" म्हटलं.

"काय बोलणार?"

"ते उद्याच कळेल."

"मी मैदानात असेन. तिथे कुठला रेडिओ?" तो हसला. दह्यात बुडवून धपाटं खायची त्याची एक पद्धत होती, आधी कडा संपवायच्या आणि मग मधला भाग. "एक सांगू पद्मा? खरं तेच बोल. नाहीतर लोक म्हणतील, भाडेकरू आहे म्हणून सांभाळून घेतेय."

"काय म्हनतोय गं कल्लाप्पा?" आक्कांनी विचारलं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सहा महिन्यांसाठी इचलकरंजीहून आल्या होत्या आणि कॅलम हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचा कल्लाप्पा करून टाकला होता. त्यालाही ते आवडलं होतं.

"काही नाही आक्का. धपाटी चांगली झालीत म्हणतोय."

"मग वाढ की आनि एक."

मी वाढलं. त्यानं खाल्लं, ताट धुऊन ठेवलं, आक्कांना हात जोडून "येतो" म्हटलं. हा एक मराठी शब्द त्याला येत होता. मग जिन्यानं तळघरातल्या आपल्या खोलीकडे गेला. जिन्यावरची त्याची पावलं मला रोज ऐकू यायची. त्या दिवशी ती जरा सावकाश वाटली. पण माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीचं वाक्य घोळत होतं आणि त्या वाक्यानं मला आधीच जेवण जाईनासं झालं होतं. ते वाक्य असं होतं: कॅलम ड्रिस्कॉलला आता बदलावं.

आता हे सगळं कुठलं आणि कसलं, ते सांगते. माझे यजमान सन्मती मगदूम कॅनडातल्या सास्काटूनजवळच्या पोटॅशच्या खाणीत इंजिनियर. मी कोल्हापूरची संख्याशास्त्राची पदवी घेऊन त्यांच्या मागोमाग तिथे गेले. पहिला हिवाळा घरात कोंडून काढला. त्या कोंडवाड्यात टीव्हीवर जे दिसेल ते बघत बसायची. दिसायचं ते बहुतेक फुटबॉल. आपल्याकडचा नव्हे. हे लोक चेंडू हातांनी फेकतात, बगलेत मारून पळतात, एकमेकांना आडवे पाडतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात. अमेरिकेतही असाच खेळतात, पण तिथे दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात आणि कॅनडात तीनच. एवढ्या एका फरकानं सगळा खेळ बदलतो. दोन संधी वाया गेल्या की लगेच निर्णयाची वेळ: पुन्हा जोर लावायचा, की किकरला बोलावून चेंडू लांब लाथाडायचा? त्यामुळे कॅनडाच्या खेळात किकर सारखा आत-बाहेर करत असतो. त्याचे दिवस वाईट आले तर ते सगळ्या गावाला दिसतात.

आमच्या गावच्या संघाचं नाव प्लेन्समेन. त्यांच्या सामन्यांवर स्थानिक रेडिओवर वॉल्ट हलुश्का नावाचा एक जुना खेळाडू बोलायचा. माणूस धिप्पाड, युक्रेनी वळणाचा, आवाज मोठा आणि मतं त्याहून मोठी. एकदा तो म्हणाला, तिसऱ्या संधीला एक यार्ड उरला असेल तर शहाण्या प्रशिक्षकानं किकच मारावी. मी तणतणत फोन लावला आणि म्हटलं, इथे बचाव करणाऱ्यांना एक यार्ड मागे उभं राहावं लागतं, मग तो एक यार्ड दहातून नऊ वेळा मिळतोच, किक मारणारा प्रशिक्षक शहाणा नाही, भित्रा आहे. वॉल्ट म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" पुढच्या महिन्यात त्यानं मला स्टुडिओत बोलावलं आणि पुढच्या मोसमापासून मी त्याच्या शेजारी बसू लागले. मध्यंतरात माझा एक भाग असायचा, 'पद्माचा निकाल'. लोकांना तो आवडायचा कारण मी कुणाची भीड ठेवत नसे.

त्या साली भीड ठेवायची वेळ आली. तिथल्या खेळाडूंना काही फार मिळत नाही, बरेचजण गावातल्या घरांत खोल्या घेऊन राहतात. आमचं तळघर रिकामंच होतं. कॅलम आला टास्मानियातून, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्याही खालून. तिकडच्या दोन संघांनी त्याला नको म्हटलं होतं. हा त्याचा शेवटचा डाव होता. त्याचा कामाचा परवाना संघाशी बांधलेला, संघानं काढलं की परवाना संपला आणि सामान बांधून घरी. घरी मेंढ्या आणि बोलून दाखवणारे वडील, असं तोच सांगायचा.

जुलैत तो चांगला खेळला. सप्टेंबरच्या शेवटापासून त्याचे चेंडू डावीकडे जायला लागले. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळेच. मी तीन आठवडे आकडे मांडत बसले. वारा, अंतर, चेंडू धरून देणारा माणूस, सगळं तपासलं. कारण सापडेना. वॉल्टला मात्र कारण पाठ होतं. "पोरगा घाबरलाय," तो रोज म्हणायचा. "एकदा छाती गेली की गेली." आणि रेडिओवाल्यांनी आठवडाभर जाहिरात चालवली: किकर ठेवायचा की काढायचा? रविवारी पद्माचा निकाल.

"तू असं म्हणणार?" त्याच शनिवारी संध्याकाळी सन्मतींनी विचारलं. आम्ही लवकर जेवायचो, आक्कांना सूर्यास्ताच्या आत जेवायचं असायचं.

"आकडे तसं म्हणतात."

"आकडे आपल्या घरात राहत नाहीत. तो राहतो."

"अहो, म्हणूनच तर! तो नसता राहत तर मी दोन आठवड्यांपूर्वीच म्हटलं असतं."

"मग सांग की, मी याच्यावर बोलणार नाही. माझा भाडेकरू आहे. विषय संपला."

"म्हणजे लोकांनी काय समजायचं? वाईटच बोलायचं होतं, म्हणून गप्प बसली."

सन्मतींना माझं पटलं नव्हतं आणि खरं म्हणजे मलाही पटलं नव्हतं. पोराच्या पोटावर पाय द्यायचा आणि तोही त्याला आपल्या हातचं खाऊ घालून, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. आणि खोटं बोलायचं तर माझ्या बोलण्याला अर्थ काय उरला?

आक्का आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. "कल्लाप्पाचं काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आक्का. उद्या मोठा सामना आहे त्याचा."

"मग त्येला सकाळी जरा लवकर उठवाय पायजे," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांनी असं का म्हटलं, ते विचारायचं मला सुचलं नाही.

रविवारी दुपारी सामना सुरू झाला तेव्हा भुरभुर बर्फ पडत होतं आणि पडल्या पडल्या वितळत होतं. समोर थंडर बे नावाच्या गावचा संघ. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर मोसम संपला. आम्ही वर काचेच्या खोलीत होतो. शेजारच्या काचेच्या खोलीत प्लेन्समेनचे साहाय्यक प्रशिक्षक कानाला यंत्रं लावून बसलेले. ते आमचा कार्यक्रम हळू आवाजात लावून ठेवतात, हे सगळ्यांना माहीत होतं. वॉल्टला त्याचा अभिमान होता.

पहिल्या अर्ध्या डावात कॅलमनं एक गोल मारायचा, म्हणजे दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडायचा, प्रयत्न केला. चेंडू उडाला, डावीकडे वळला आणि खांबाच्या बाहेरून मागे निघून गेला. आमच्या खात्यात तरीही एक गुण पडला. हा कॅनडाचा खास नियम. गोल चुकला, पण चेंडू खांबांमागचं क्षेत्र ओलांडून पार गेला किंवा समोरच्यांना तो तिथून बाहेर काढता आला नाही, तर एक गुण. अमेरिकन माणसं याला हसतात, म्हणतात, चुकल्याचं बक्षीस देणारा खेळ. मला हा नियम फार आवडायचा. सरळ जमलं नाही तरी लांब तरी गेलास ना, मग घे एक गुण. परवा वाचलं, त्या नियमाला आता कात्री लावतायत. ते वाचलं आणि हा सगळा रविवार पुन्हा वर आला.

"पुन्हा डावीकडे!" वॉल्ट माइकवर ओरडला. "मंडळी, पायात काही बिघडलेलं नाही. बिघाड इथे आहे, छातीत!"

मी दुर्बीण उचलली. मला कॅलमचा चेहरा बघायचा होता. खरंच घाबरलाय का? तो घाबरलेला दिसला असता तर माझं काम सोपं झालं असतं, हे कबूल करते. तो मैदानाबाहेर आला, बाकावर बसला नाही, उभाच राहिला. मग बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याचे पांढरे मोजे ओल्यानं चिकटले होते. आणि डाव्या मोज्यावर, मागे पोटरीवर, मला एक पिवळा डाग दिसला.

"हॉट डॉगवरची मोहरी सांडली वाटतं अंगावर," मागे बसलेला एक वार्ताहर म्हणाला, त्याला टीव्हीच्या पडद्यावर तेच दिसलं होतं. दोघंतिघं हसले.

हे लोक हॉट डॉगवर मोहरीची पिवळी चटणी घालतात, पण ती मोहरी नव्हती. तो पिवळा रंग माझ्या ओट्यावर होता, आक्कांच्या पदरावर होता, घरातल्या सगळ्या प्लास्टिकच्या चमच्यांवर होता. हळदीचा डाग ओळखायला मला कुणी शिकवायला नको. पाणी लागल्यावर तो पसरतो तसा पसरत चालला होता आणि मधोमध गडद होता, म्हणजे आत लेप होता, चांगला जाड.

उजव्या पायानं किक मारणारा माणूस सगळं वजन डाव्या पायावर घेतो. तो डावा पाय खचला तर अंग डावीकडे झुकणार आणि चेंडूही डावीकडेच जाणार. जिन्यावरची सावकाश पावलं आठवली. जेवताना तो डावा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसायचा आणि मला वाटायचं, ऑस्ट्रेलियातली माणसं अशीच बसत असतील.

मध्यंतर जवळ आलं होतं. मी कानाचं यंत्र काढलं, बाहेरच्या बोळात गेले आणि घरी फोन लावला. सन्मती रविवारच्या पाळीवर होते. खूप वेळानं आक्कांनी उचलला.

"आक्का, कल्लाप्पाच्या पायाला तुम्ही हळद लावता?"

"व्हय की. रोज सकाळी लावतोय. आंबेहळद, तुरटी नि जरासं तेल. तू झोपल्यालीच असतीस तवा."

"कधीपासून?"

"झालं की लई दिस. एकदा जिन्यात बसला हुता पोटरी धरून, तवा बघितलं. मला दावलं त्यानं."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यानं व्हटावर बोट ठेवलं की गं! असं." फोनवर त्यांनी बहुधा ते करूनही दाखवलं. "मी म्हटलं, बरं बाबा. दुखतंय त्येचं, सांगायचं का न्हाई ते त्येनंच ठरवायचं. का? काय झालं?"

"कसा आहे पाय?"

"चांगला न्हाई. परवापास्नं काळानिळा पडलाय, पार टाचंपतुर. आनि मधी बोट ठेवलं तर खड्डा लागतोय. मी त्येला म्हटलं, डाक्टरकडं जा. पर त्येला माझं काय कळतंय, नि मला त्येचं."

खड्डा लागतोय. आमच्या माहेरी, जयसिंगपुरात, माझा चुलतभाऊ तालमीत जायचा. त्याची पोटरी फाटली होती तेव्हा असाच खड्डा लागत होता आणि तो हट्टानं कुस्ती खेळला होता. नंतर तो आयुष्यभर लंगडत चालला.

संघाच्या माहिती खात्यातली एक पोरगी समोरून चालली होती. मी तिला गाठलं. "संघाच्या डॉक्टरांना एक निरोप द्यायचाय. आत्ता. ड्रिस्कॉलच्या पायाबद्दल."

"सामना संपल्यावर बोलता येईल."

"सामना संपल्यावर उपयोग नाही."

"मॅडम, रेडिओवरच्या माणसांना मध्यंतरात खाली निरोप देता येत नाही. तसा नियमच आहे." ती बिचारी तिचं काम करत होती. तेवढ्यात वॉल्टनं काचेवर टकटक केलं. माझी वेळ झाली होती.

मी बसले. यंत्र कानाला लावलं. लाल दिवा लागला.

"आठवडाभर लोक थांबलेत, पद्मा," वॉल्ट म्हणाला. "ठेवायचा की काढायचा?"

मला एकाच वेळी दोन गोष्टी दिसत होत्या. एक, फाटलेली पोटरी. दुसरी, ओठांवरचं बोट. त्याचं दुखणं माझं नव्हतं, ते सांगायचा हक्कही माझा नव्हता. पण मी गप्प बसले तर तो दुसऱ्या अर्ध्यातही त्याच पायावर उभा राहणार होता. आणि पाय टिकला तरी उद्या त्याला 'खेळ बिघडला' म्हणून घरी पाठवणार होते, कारण दुखापतीची कुठे नोंदच नव्हती. त्या लीगमध्ये जखमी खेळाडूला काढता येत नाही, त्याचा इलाज करावा लागतो. पण जखमी आहे, हे कुणीतरी सांगायला हवं.

"पद्मा?" वॉल्ट म्हणाला. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हाच.

"काढू नका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पण आत्ताच्या आत्ता बाकावर बसवा. वॉल्ट, तू तीन आठवडे म्हणतोयस त्याची छाती गेलीय. त्याच्या छातीला काही झालेलं नाही. त्याची डावी पोटरी फाटलीय. त्याच्या मोज्यावर जो पिवळा डाग आहे ना, ती मोहरी नाही, हळद आहे. आमच्या घरची हळद. माझ्या सासूबाई रोज सकाळी त्याला लेप लावतात. शेजारी कुणी ऐकत असेल तर त्यांनी डॉक्टरांना म्हणावं, मोजा खाली करून बघा."

शेजारच्या खोलीत एका साहाय्यक प्रशिक्षकानं कानातलं यंत्र काढलं, काचेतून माझ्याकडे बघितलं, आणि टेबलावरचा खाली जाणारा फोन उचलला.

दुसरा अर्धा डाव सुरू झाला तेव्हा कॅलम लांब कोट घालून मैदानाबाहेर उभा होता. एक पाय उघडा, त्याला बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या. त्यानं मान वर करून आमच्या काचेकडे बघितलं. एवढ्या लांबून त्याला मी दिसत नसणार. मी दुर्बीण खाली ठेवली.

पुढचं सगळं गावाला अजून पाठ आहे. बरोबरीत शेवटचे काही क्षण उरले आणि आम्हाला गोल मारायची संधी मिळाली. कॅलमच्या जागी एका झेल घेणाऱ्या पोराला उभं केलं, तो म्हणे कॉलेजात किक मारायचा. गोल नाही झाला तरी चालणार होतं. चेंडू नुसता पार गेला असता तरी एक गुण आणि सामना आमचा होता. डावीकडे, उजवीकडे, कसाही. त्या पोराचा चेंडू खांबांमागच्या क्षेत्रात कसाबसा पोचला आणि मेल्यासारखा पडला. थंडर बेच्या माणसानं तो उचलला आणि आरामात बाहेर पळवला. जादा डावात आम्ही हरलो.

फोनवर फोन आले. एक म्हातारा अक्षरशः रडत म्हणाला, "बाई, ड्रिस्कॉलचा चुकलेला चेंडूसुद्धा पार गेला असता! चुकलेला!" त्याचं खरं होतं. माझे आकडेही तेच सांगत होते.

घरी आले तर कॅलम स्वयंपाकघरात बसला होता, कुबड्या टेबलाला टेकवलेल्या. सन्मती आणि आक्का दोन्ही बाजूंना.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"अर्ध्याहून जास्त फाटलीय. म्हणाले, अजून एक-दोन किका आणि पार तुटली असती." तो टेबलाकडे बघत होता. "किंवा नसती तुटली. त्यांना तरी काय माहीत?"

"कॅलम, आता ते तुला काढू शकत नाहीत. जखमी माणसाला—"

"नियम मला पाठ आहे," तो म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "जखमी माणसाला काढत नाहीत. हिवाळाभर बरा करतात आणि वसंतात बोलवत नाहीत. कुणीच बोलवत नाही. फाटलेल्या पायाचा किकर म्हणून सगळ्या देशानं ऐकलंय आता. मला एकच मारायची होती, पद्मा. ती शेवटची. सरळसुद्धा नको होती."

माफी मागावी असं मला वाटत नव्हतं आणि मागितली नाही म्हणून काळीज तुटत होतं, दोन्ही एकदम.

"म्या सांगितलं त्येच्यामुळं झालं का गं?" आक्कांनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते.

"नाही आक्का. मी सांगितल्यामुळं."

तो हिवाळाभर आमच्या तळघरात राहिला. संघानं त्याचा इलाज नीट केला. आक्कांकडून तो पोळी लाटायला शिकला, सन्मतींबरोबर बर्फ काढायला जायचा. माझ्याशी लागेल तेवढंच बोलायचा, आणि तेही सौजन्यानं. त्या सौजन्यानं मी रोज थोडी थोडी खचत होते. रेडिओवर मी जाणं सोडलं नाही, पण 'पद्माचा निकाल' बंद केला. वॉल्टनं विचारलं तर म्हटलं, आता निकाल द्यायची भीती वाटते. वसंत आला, आणि कॅलम म्हणाला होता तसंच झालं. संघाचा फोन आला नाही.

आक्का आणि तो एकाच आठवड्यात निघाले, त्या इचलकरंजीला, तो टास्मानियाला. तो विमानतळावर जायला निघाला तेव्हा आक्कांनी त्याच्या हातात आंबेहळदीची एक पुडी कोंबली. त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "येतो." एवढंच.

त्याच साली जुलैत हॅलिफॅक्सच्या संघातल्या किकरचं गुडघ्याचं हाड सरकलं आणि त्यांना घाईनं कुणीतरी हवा होता. कॅलम ड्रिस्कॉलला घेतलंय, हे मी वर्तमानपत्रातच वाचलं. त्यानं कळवलं नव्हतं. सप्टेंबरात हॅलिफॅक्सचा संघ आमच्या गावी आला.

त्या दिवशी सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. कॉफी दोनदा गार झाली. संघ मैदानात आले. मी दुर्बीण उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. हॅलिफॅक्सच्या निळ्या कपड्यांत कॅलम सापडायला वेळ लागला. तो बाजूला एकटाच पाय मोकळे करत होता. मी नकळत खाली बघितलं.

डाव्या मोज्यावर पोटरीशी पिवळा डाग होता.

पुन्हा? पुन्हा फाटली? आणि पुन्हा लपवतोय? माझी नजर शेजारच्या काचेकडे गेली, मग माइककडे, मग पुन्हा त्याच्याकडे. आता काय करू मी? एवढं भोगूनही हा शहाणा झाला नाही का? मी दुर्बीण इतकी घट्ट धरली होती की डोळ्यांभोवती वळ उठले.

मग मी नीट बघितलं. तो डाग पसरलेला नव्हता. त्याच्या आत लेप नव्हता. कुणीतरी बोटानं एक आडवी रेघ ओढावी तशी ती रेघ होती, कोरडी आणि नीट. कपाळावर लावतात तशी.

कॅलम सरळ उभा राहिला. त्यानं उजवा पाय वर उचलला आणि डाव्या पायावर तीन-चार उड्या मारल्या, लंगडी खेळतात तशा, आणि जागच्या जागी थांबला. मग मान वर केली. आमच्या खोलीकडेच बघत होता, यात शंकाच नव्हती.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"पद्मा," वॉल्टनं माझ्या खांद्यावर टकटक केलं. तोही दुर्बिणीतून बघत होता. माइक चालू होता. "ड्रिस्कॉलच्या मोज्यावर पुन्हा काहीतरी पिवळं दिसतंय. काय आहे ते?"

"मोहरी असेल," मी म्हटलं.